लूपर उशिरा सुटतो, आपोआप पुसला जातो, एक दाब सोडून चालतो: दोष नेमका कुठे?

गेल्या पावसाळ्यात एका तबलावादक मित्राच्या रियाजाला मी पेटीवर लेहरा, म्हणजे ताल दाखवत पुन्हापुन्हा वाजणारी एकच धून, धरत होतो. तीनताल, म्हणजे सोळा मात्रांचं आवर्तन, लय मिनिटाला १२० मात्रा. तासाभरात भात्याचा हात भरून आला, तेव्हा लेहऱ्याचं एक आवर्तन लूपरमध्ये, म्हणजे वाजवलेला तुकडा भरून घेऊन तोच फिरून फिरून वाजवणाऱ्या पेडलमध्ये, भरलं आणि चहाचा कप उचलला. दोन आवर्तनं गेली. तिसऱ्याला मित्राने माझ्याकडे पाहिलं. चौथ्याला हात थांबवले. "अरे, सोळावी मात्रा अशी काय ताणतोयस?" मी म्हटलं, "मी कुठे वाजवतोय? मी तर चहा पितोय."

त्या आठवड्यात गिटारवाल्या मित्रांकडून आणखी तीन लूपर उसने आणले. एकात लांबी बरोबर आली, पण समेवरचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरचा, स्वर अर्धा कापला गेला. दुसरा छान चालला. मग त्याला बाहेरून एक फूटस्विच जोडला आणि लूपच नाहीसा झाला. तिसऱ्याला थांबवताना दर वेळी शेपूट वाजायचं. चारही यंत्रं धडधाकट होती. बिघाड होता तो पाय काय सांगतोय आणि यंत्र कशाची वाट बघतंय यांच्यातल्या गैरसमजाचा.

आपल्याला वाटतं आपण बटण दाबलं, एवढंच. यंत्राला त्यात निदान चार घटना दिसतात: दाबलं, धरून ठेवलं, सोडलं, लगेच पुन्हा दाबलं. कोणता लूपर यातल्या कुठल्या घटनेला काय अर्थ लावतो, हे एकदा कळलं की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

लूप लांब होतो किंवा सुरुवात कापली जाते

हीच माझी मूळ तक्रार, आणि सगळ्यात कमी समजली जाणारी, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

एका बटणावर दोन कामं असली, म्हणजे थोडं दाबलं तर वाजव आणि धरून ठेवलं तर शेवटचा थर (लूपवर नंतर चढवलेलं वादन) काढ, तर बटण खाली गेल्या क्षणी यंत्राला तुमचा हेतू कळू शकत नाही. ते थांबतं. पाय लगेच उचललात तर म्हणतं, बरं, साधा दाब होता, आणि मग काम करतं. म्हणजे कृती दाबताना होत नाही, सोडताना होते. उभ्याने बूट घालून वाजवणाऱ्याचा पाय चटकन खालीवर होतो. माझी गोष्ट वेगळी. मी मांडी घालून बसतो, एक हात पट्ट्यांवर, दुसरा भात्यावर, आणि स्विच गुडघ्याने दाबतो. मोबाईलवर सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने व्हिडिओ घेऊन मोजलं, तर माझा गुडघा स्विचवर साधारण ३६ चित्रं टेकलेला होता. म्हणजे १५० मिलिसेकंद.

आता हिशोब बघा. १२० च्या लयीत मात्रा अर्ध्या सेकंदाची, तीनतालाचं आवर्तन ८ सेकंदांचं. माझा लूपर ध्वनिमुद्रण सुरू करायचा दाबताच, कारण रिकाम्या लूपला पुसण्याचा प्रश्नच नसतो, थांबून बघायचं कशाला? पण लूप बंद करायचा मात्र सोडल्यावर, कारण त्या अवस्थेत धरून ठेवण्याला वेगळा अर्थ होता. एक टोक वेळेवर, दुसरं १५० मिलिसेकंद उशिरा. आवर्तन ८.१५ सेकंदांचं झालं. सोबत मेट्रोनोम लावला तर चार आवर्तनांत ०.६ सेकंदांचा फरक, म्हणजे एक अख्खी मात्रा आणि वर थोडी. मित्राचा कान बरोबर होता.

आणि उसन्यांपैकी तो पहिला लूपर, ज्यात लांबी ठीक पण पहिला स्वर कापलेला? तो दोन्ही वेळा सोडल्यावरच काम करत होता. दोन्ही टोकं सारखीच सरकली, म्हणून लांबी बिघडली नाही. फक्त लूप समेऐवजी समेनंतर सुरू झाला. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: लांबी चुकत असेल तर दोन टोकांना वेगवेगळे नियम आहेत, लांबी बरोबर आणि सुरुवात बोथट असेल तर दोन्हीकडे सोडण्याचा नियम आहे.

तपासणी अर्ध्या मिनिटाची. रिकामी मेमरी निवडा (भरलेली नको, धरून ठेवल्यावर पुसली जाईल), बटण दाबा आणि दाबूनच ठेवा. दिवा लगेच लाल झाला तर सुरुवात दाबण्यावर. पाय उचलल्यावर झाला तर सोडण्यावर. मग ध्वनिमुद्रण चालू असताना हाच प्रयोग पुन्हा करा. दुसरा प्रयोग बहुतेक जण करत नाहीत आणि घोळ नेमका तिथेच असतो. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नका. एकाच मॉडेलमध्ये फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं सॉफ्टवेअर, बदललं की हे वागणं बदलू शकतं.

उपाय तीन. पहिला फुकटचा: सोडण्यावर चालणारं यंत्र असेल तर सोळाव्या मात्रेला दाबा आणि समेवर सोडा. १२० च्या लयीत पाय अर्धा सेकंद खाली राहतो. धरून ठेवण्याची मर्यादा बऱ्याच यंत्रांत एक ते दोन सेकंदांची असते, तेव्हा धोका नाही. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण टाळीच्या आधी हात उचलतोच की आपण. दुसरा उपाय, बाहेरचा स्विच जोडून त्याला एकच काम देणं. धरून ठेवण्याचा वेगळा अर्थच उरला नाही की यंत्राला वाट बघायचं कारण उरत नाही. तिसरा उपाय, यंत्रातला ठेका चालू ठेवून लूपची लांबी ठोक्याला बांधणं. बॉसच्या आरसी मालिकेतल्या ठेका असलेल्या यंत्रांत ही सोय मिळते. ४/४ मध्ये तीनताल चार मापांत बसतो. झपतालाला ५/४ आणि रूपकाला ७/४ निवडता येतंय का ते आधी बघून घ्या, नाहीतर यंत्र तुमच्या सात मात्रांना ओढून आठ करेल.

लूप आपोआप पुसला जातो, किंवा एक दाब सोडून एक दाब लागतो

इथे दोषी बहुतेक वेळा फूटस्विचचा प्रकार. घरातली दोन बटणं आठवा. दाराच्या बेलचं बटण बोट असेपर्यंतच वाजतं. तो मोमेंटरी स्विच. दिव्याचं बटण एकदा दाबलं की तसंच राहतं, तो लॅचिंग. लूपरना बहुधा बेलचं बटण हवं असतं. तुम्ही दिव्याचं जोडलंत, तर एका दाबानंतर पाय उचलला तरी यंत्राच्या मते बटण दाबलेलंच आहे. दोन सेकंद होतात, यंत्र म्हणतं, अच्छा, धरून ठेवलंय, पुसायचंय वाटतं. आणि पुसतं. माझ्या उसन्या लूपरचं हेच झालं. वर मला शंका आली ती यंत्राच्या मेमरीची!

धरून ठेवण्याला अर्थ नसलेल्या कामावर तोच स्विच लावला तर लक्षण वेगळं दिसतं: पहिला दाब चालतो, दुसरा वाया जातो, तिसरा चालतो.

दुकानात हे दोन प्रकार दिसायला जुळे भाऊ असतात. बॉसचे एफएस-५यू आणि एफएस-५एल शेजारी ठेवले तर फरक अक्षराचाच: यू मोमेंटरी, एल लॅचिंग. एफएस-६ मध्ये दोन बटणं आहेत आणि प्रत्येकाचा प्रकार छोट्या सरकत्या खटक्याने बदलता येतो; सेकंडहँड घेतला असेल तर आधी ते खटके बघा, आधीच्या मालकाने अँपचा चॅनल बदलण्यासाठी लॅचवर ठेवलेले असू शकतात.

बिनछापाचा स्विच असेल तर मल्टिमीटर बझरवर लावा. एक टोक पिनच्या टोकाला, दुसरं बुंध्याच्या नळीला. दाबल्यावरच वाजतो आणि सोडल्यावर थांबतो: मोमेंटरी. दाबून सोडल्यावरही वाजत राहतो: लॅचिंग. न दाबताच वाजतो, दाबल्यावर थांबतो आणि सोडल्यावर पुन्हा वाजतो: मोमेंटरीच, पण उलट्या पोलॅरिटीचा. कीबोर्डचं सस्टेन पेडल लूपरला लावलं की हा शेवटचा प्रकार बऱ्याचदा भेटतो. यंत्राला वाटतं पाय कायम खाली आहे, आणि तुम्ही दाबता तेव्हा वाटतं उचलला. पेडलवर पोलॅरिटीचा खटका असेल तर फिरवा. नसेल तर यंत्राच्या सेटिंगमध्ये शोधा. काही यंत्रं चालू होताना पेडलची स्थिती वाचून घेतात, म्हणून पिन आधी लावायची, वीज नंतर द्यायची, आणि तेव्हा पाय पेडलवर नको.

दोन बटणांतलं एकच चालतं, किंवा एक कायम दाबलेलं

केबल बघा. दोन बटणांचा स्विच एकाच पिनेतून जातो तेव्हा पहिलं बटण पिनच्या टोकाला जोडलेलं असतं, दुसरं मधल्या कड्याला. अशा जागी मोनो केबल खुपसली की सॉकेटमधला कड्याचा पत्रा थेट नळीला टेकतो, आणि यंत्राला दुसरं बटण जन्मभर दाबलेलं दिसतं. स्टिरिओ केबल घ्या. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत "पी-३८ स्टिरिओ" म्हणून मागा; नुसतं पी-३८ म्हटलं तर मोनो हातात पडते. पिनवर दोन काळ्या रेघा असल्या की ती स्टिरिओ.

डिजिटेकच्या जॅममॅनसाठीचा एफएस३एक्स तर याच तीन तारांवर तीन बटणं चालवतो: एक टोकाला, एक कड्याला, आणि तिसरं दोन्हींना एकदम. हुशारी आहे, पण केबल खराब झाली की तिसरं बटण दाबल्यावर पहिल्याचं काम होतं आणि माणूस चक्रावतो. याहून जुनी युक्ती एकोप्लेक्स डिजिटल प्रो या ९० च्या दशकातल्या लूपरची. त्याच्या पेडलबोर्डवर सात बटणं आणि केबल साधी दोन तारांची. प्रत्येक बटणामागे वेगळ्या मूल्याचा रेझिस्टर, आणि यंत्र रोध मोजून ठरवतं कोणतं दाबलं. संपर्कावर मळ बसला की रोध वाढतो आणि शेजारच्या बटणाचं काम होतं. आज असा संच कुणाकडे असेल तर आधी सगळे संपर्क साफ करावेत, मग बाकीचं.

बॉस आरसी-५ सारख्या यंत्रांत तेच सॉकेट स्विचलाही चालतं आणि एक्स्प्रेशन पेडललाही (पाय पुढेमागे झुकवून आवाजासारखी गोष्ट कमीजास्त करणारं पेडल). त्यात जे जोडलंय त्याला मेनूतली सेटिंग जुळते का ते बघा.

थांबवताना शेपूट वाजतं

एका बटणाच्या लूपरना थांबवायला बहुधा दोनदा टकटक करावं लागतं. टीसी इलेक्ट्रॉनिकचा छोटा डिट्टो तसाच: दाबलं की ध्वनिमुद्रण, पुन्हा दाबलं की वाजणं, आणखी दाबलं की वर थर, दोनदा पटकन दाबलं की बंद, धरलं की शेवटचा थर मागे. पाच मिनिटांचा लूप घेणारा, मुठीएवढा, आवडता प्राणी. पण दुहेरी टकटकीतला पहिला ठोका समेवर पडला तर थांबणं दुसऱ्या ठोक्याला होतं, आणि मध्ये लूपची सुरुवात पुन्हा डोकावते. वर त्या क्षणी बोटं वाजत असतील तर तो तुकडा थरात जाऊन बसतो.

यावर सरावाचा उपाय असा की समेवर पाडायचा तो दुसरा ठोका. पहिला आधीच, पाऊण मात्रा अलीकडे. तिहाई मोजणाऱ्याला हे अवघड नाही. सरावाचा कंटाळा असेल तर बाहेरच्या स्विचची सोय असलेलं यंत्र घ्या. आरसी-१ ला ती आहे. थांबवणं वेगळ्या बटणावर गेलं की एक ठोका, एक काम. छोट्या डिट्टोला मात्र तसं सॉकेटच नाही, तेव्हा तिथे शोधत बसू नका.

लाइन ६ च्या डीएल४ मध्ये हा प्रश्न १९९९ सालीच सुटलेला होता, कारण त्याच्या लूपरमध्ये मुद्रणाला एक बटण आणि वाजव-थांबवला दुसरं. दुहेरी टकटक नाही, धरून ठेवणं नाही. लूप मात्र १४ सेकंदांचा. १२० च्या लयीतलं तीनतालाचं आवर्तन मावतं, ६० च्या लयीतलं १६ सेकंदांचं मावत नाही. विलंबित तर विसराच.

तिसऱ्या दाबाला काय होतं यावरही भांडणं होतात. काहींना मुद्रणानंतर थेट थर चढवायचा असतो, काहींना आधी नुसतं ऐकायचं असतं. आरसी-५ आणि आरसी-५०० मध्ये हा क्रम सेटिंगने बदलता येतो. "आपोआप ओव्हरडब (वर थर चढवणं) सुरू होतं" ही तक्रार नव्वद टक्के वेळा एवढीच असते.

मिडी पेडलने भलतंच होतं

मिडी म्हणजे वाद्यं आणि यंत्रं एकमेकांना आकड्यांत सूचना पाठवतात ती पद्धत. सगळ्यात आधी एक गैरसमज: मिडीमुळे उशीर होतो. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स आहे. तीन बाइटचा एक संदेश सुमारे एक मिलिसेकंदात पोचतो. तुमचा गुडघा याच्या दीडशेपट हळू आहे.

खरी गंमत संदेशाच्या मूल्यात असते. लाइन ६ हीलिक्स आणि एचएक्स स्टॉम्पच्या लूपरचं उदाहरण घ्या. कंट्रोलर क्रमांक ६० वर ६४ ते १२७ मधलं मूल्य आलं की मुद्रण सुरू, ० ते ६३ आलं की ओव्हरडब. आता मोमेंटरीवर ठेवलेलं मिडी पेडल काय करतं? दाबताना १२७ पाठवतं, सोडताना ०. म्हणजे दाबलं: मुद्रण सुरू. सोडलं: लूप बंद, ओव्हरडब चालू. हाती येतो पाव सेकंदाचा घरघरणारा लूप, आणि आपण म्हणतो यंत्र बिघडलं.

मग लोक पेडल टॉगलवर ठेवतात: एका दाबाला १२७, पुढच्याला ०. त्यात नवा खड्डा. तिसऱ्या दाबाला पुन्हा १२७ जातं, म्हणजे नवं मुद्रण, म्हणजे आधीचा लूप गेला. मी तीन बटणं वेगळी ठेवायला सांगेन: एक फक्त ६० वर १२७ पाठवणारं, दुसरं फक्त ६० वर ० पाठवणारं, दोन्ही सोडताना गप्प. तिसरं ६१ वर टॉगल, कारण तिथे वरचं मूल्य वाजवतं आणि खालचं थांबवतं, आणि ते उलटसुलट झालं तरी काही पुसलं जात नाही. शेवटचा थर मागे घेण्यासाठी ६३ वर १२७.

संदेश पोचतच नसेल तर चॅनलचा आकडा दोन्हीकडे जुळवा. लहान, हेडफोनसारख्या पिनचं मिडी असेल तर तारांची जोडणी दोन प्रकारची मिळते, ए आणि बी. २०१८ मध्ये ए हा प्रकार प्रमाण ठरला, पण त्याआधीची बी प्रकारची यंत्रं बाजारात भरपूर आहेत. चुकीच्या अडॅप्टरने जळत काही नाही, फक्त शांतता असते.

कधी चालतं, कधी नाही

हा पावसाळी आजार. धातूचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद उड्या मारतात. यंत्र त्या उड्या गाळून टाकतं. संपर्कावर दमट हवेचा गंज आणि धूळ बसली की उड्या लांबतात, गाळणीतून निसटतात, आणि एका दाबाचे दोन होतात. दोन दाब म्हणजे काय? थांब. गाण्याच्या मध्यात लूप स्वतःहून थांबत असेल तर हा संशय पहिला घ्या. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर पेडल कापडी पिशवीत ठेवणाऱ्यांना हे हमखास भेटतं. वीज काढून, स्विच उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वीसेक वेळा दाबा, वाळू द्या. गंजतेल मारू नका, त्याच्या चिकटपणावर धूळ बसते. तरीही फरक पडला नाही तर स्विच बदलणं स्वस्त पडतं. कुठलाही रेडिओ दुरुस्तीवाला दोन टाके मारून देईल.

लूपर मध्येच स्वतःला बंद-चालू करत असेल तर मात्र पेडलला दोष देऊ नका, अडॅप्टर बघा. एकाच ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर पाच पेडलं लटकवली असतील तर आधी लूपर वेगळा करा.

माझ्या लेहऱ्याचं म्हणाल तर शेवटी बाहेरचा मोमेंटरी स्विच लावला आणि त्याला लूप सुरू-बंद एवढंच काम दिलं. पुन्हा व्हिडिओ घेतला: आता दोन्ही टोकं दाबताच. पण नवा प्रश्न आला, गुडघ्याने दाबताना स्विच सतरंजीवरून पळायचा. त्याखाली जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, आणि केबल पेटीच्या मागून नेली, नाहीतर भात्यात अडकते.